अंतर कोणी राखायचे?

गेल्या वर्षी पावसाळ्यात आठवीच्या वर्गात औद्योगिक क्रांती शिकवीत असताना आम्ही देवमाशांचा उल्लेख केला. युरोप-अमेरिकेतील शहरांचे दिवे दीर्घकाळ देवमाशाच्या तेलावर जळत होते आणि तेच तेल गिरण्यांच्या यंत्रांना वंगण म्हणून लागत होते, एवढेच मुलांना सांगावयाचे होते. मुलांनी देवमासा पाहिलेला नव्हता. खरे सांगावयाचे तर आम्हीही पाहिलेला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक छोटी चित्रफीत दाखविली. तीत हंपबॅक जातीचा एक देवमासा पाण्याबाहेर झेप घेत होता. त्याच्याभोवती चार-पाच बोटी होत्या, बोटींवर आरडाओरडा होता आणि डोक्यावर उंच धरलेले मोबाईल होते. वर्गाने एका सुरात ‘वा!’ म्हटले. मागच्या बाकावरील एका मुलीने मात्र हात वर केला आणि विचारले, “सर, तो खेळतोय, की त्याला हे नकोय?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे वाचन केले तेव्हा कळले की, शास्त्रज्ञांजवळही त्याचे एकच एक उत्तर नाही. हंपबॅक झेप घेतो ती कधी दूरच्या सोबत्याला कळावे म्हणून, कधी खेळ म्हणून, कधी बहुधा त्रास झाल्यामुळे. एका चित्रफितीवरून यांपैकी नेमके काय ते सांगता येत नाही. परंतु त्या मुलीचा प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. समोरच्या जिवाला आपले पाहणे हवे आहे की नको, हे ठाऊक नसेल तर पाहणाऱ्याने कसे वागावे? या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याच प्रश्नाचा विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम त्या प्राण्याची ओळख करून घेऊ. आपण त्याला देवमासा म्हणतो. वास्तविक तो देव नाही आणि मासाही नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते, त्याची मादी पिलाला दूध पाजते. पूर्ण वाढलेला हंपबॅक बारा ते सोळा मीटर लांब आणि पंचवीस-तीस टन वजनाचा असतो. त्याचे पुढचे दोन पर शरीराच्या एक-तृतीयांश लांबीचे असतात. इतके लांब पर दुसऱ्या कोणत्याही देवमाशाला नाहीत. बुडी मारताना तो पाठीची कमान करतो, त्यावरून ‘कुबड्या पाठीचा’ हे नाव त्याला मिळाले. बहुतेक हंपबॅक उन्हाळा ध्रुवांकडील थंड समुद्रात खाण्यात घालवितात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटरांचा प्रवास करून उष्ण समुद्रात वितात. अलास्काकडचे हवाईला येतात, अंटार्क्टिकाकडचे टोंगा आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांना. उष्ण समुद्रात आईला खावयास जवळजवळ काहीच मिळत नाही. अंगातील साठविलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पिलाला दूधही पाजते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

माणसाने या प्राण्याकडे आजवर कसे पाहिले, याचा इतिहास फार सुखद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेची जहाजे आणि स्फोटक भाले आले आणि शिकारीचा कारखाना झाला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील टँगालूमा या एकाच केंद्रावर १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत ६,२७७ हंपबॅक कापले गेले. १९६२ मध्ये ते केंद्र बंद पडले. शिकाऱ्यांना दया आली म्हणून नव्हे, मारावयास देवमासेच उरले नाहीत म्हणून. सोव्हिएत ताफ्यांची कथा याहून भयंकर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत त्यांनी दक्षिण गोलार्धात ४८,००० हून अधिक हंपबॅक मारले आणि आंतरराष्ट्रीय आयोगाला आकडा कळविला २,७१० चा. खऱ्या नोंदी बाहेर आल्या त्या १९९३ नंतर, रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या धैर्यामुळे. त्यांच्यापैकी एकाने तर मूळ कागद घरच्या बटाट्यांच्या तळघरात वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. ज्यांचे कोणी बोलणारे नाही त्यांच्या मरणाचे आकडे खोटे लिहिणे किती सोपे असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून शिकावे.

त्या काळी देवमाशांविषयीचे ज्ञानही मरणातूनच मिळे. ते कोठून कोठे जातात हे शोधण्यासाठी क्रमांक कोरलेली धातूची नळी त्यांच्या अंगात बंदुकीने मारीत असत. ती नळी परत केव्हा मिळे? तो देवमासा दुसऱ्या कोणी मारला आणि कापताना किंवा चरबी कढविताना ती हाती लागली तर! म्हणजे प्रवासाचा पुरावा मिळण्यासाठी प्रवाशाचे प्रेत आवश्यक होते.

हे चित्र पालटले ते १९७० च्या दशकात, आणि पालटविले ऐकण्याने व पाहण्याने. रॉजर पेन या जीवशास्त्रज्ञाने हंपबॅकच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी त्याने व स्कॉट मॅकव्हे यांनी दाखवून दिले की, हे नुसते आवाज नव्हेत. त्यांत ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येणारी रचना आहे. लोकांनी ते गाणे ऐकले आणि तेलाच्या पिंपाच्या जागी त्यांना एक जीव दिसू लागला. त्याच दशकात अमेरिकेच्या मेन राज्यात स्टीव्हन कॅटोना व त्यांचे सहकारी एक साधी गोष्ट पद्धतशीरपणे करू लागले. खोल बुडी मारताना हंपबॅक शेपूट वर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूवरील पांढऱ्या-काळ्या रंगाची नक्षी, कडांचे दाते आणि जुने व्रण प्रत्येकाचे निराळे असतात, जसा माणसाच्या अंगठ्याचा ठसा निराळा असतो. त्या शेपटीचे स्वच्छ छायाचित्र काढले की तो देवमासा ‘एक देवमासा’ राहत नाही. तो ‘हाच’ देवमासा होतो. पुन्हा दहा वर्षांनी दुसऱ्या समुद्रात दिसला तरी ओळखता येतो. अंगात नळी मारावी लागत नाही आणि कापावे तर मुळीच लागत नाही.

या छायाचित्रांनी काय काय सांगितले पाहा. १९९९ मध्ये ब्राझीलजवळ जिचे छायाचित्र निघाले होते ती मादी २००१ मध्ये मादागास्करजवळ दिसली. दोन ठिकाणांतील अंतर ९,८०० किलोमीटरांहून अधिक. मादागास्करचे ते छायाचित्र कोणा मोठ्या संशोधकाने काढले नव्हते. देवमासे पाहावयास बोटीत बसलेल्या एका पर्यटकाने काढले होते. आज ‘हॅपीव्हेल’ या संग्रहात हजारो सामान्य माणसे आपली छायाचित्रे पाठवितात आणि संगणक शेपट्या जुळवितो. त्या आधारे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले की, उत्तर पॅसिफिकमधील हंपबॅकांची संख्या २०१२ मध्ये सुमारे ३३,५०० पर्यंत वाढली आणि २०२१ पर्यंत सुमारे २६,६०० वर आली. समुद्र तापला, अन्न आटले आणि हजारो देवमासे नाहीसे झाले. कोणी न मारताही. छायाचित्रे नसती तर हे मरण कोणाच्या वहीत लिहिले गेले नसते.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, देवमासे पाहू नयेत, त्यांची छायाचित्रे काढू नयेत, असे मुळीच नाही. चांगले छायाचित्र हा पुरावा असतो आणि पुराव्याचे मोल इतिहासाच्या शिक्षकाला तरी समजलेच पाहिजे. पाहण्याने माणसे बदलतात, हेही खरे. टोंगाच्या राजाने १९७८ मध्ये देवमाशांची शिकार बंद केली. आज त्याच समुद्रात देवमासे दाखवून अनेक कुटुंबे पोट भरतात. जिवंत देवमासा पुन्हा पुन्हा दाखविता येतो, मेलेला एकदाच विकता येतो, हा हिशेब गरीब बेटांनाही पटला आहे. प्रश्न आहे तो कसे पाहावे याचा.

याविषयी जगभर जे नियम झाले आहेत त्यांचा गाभा एकच आहे. हवाई व अलास्का येथे हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, दूर राहणे कायद्याने बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात १०० मीटरांच्या आत जावयाचे नाही. ३०० मीटरांच्या आत वेग इतका कमी ठेवावयाचा की बोटीमागे लाट उठू नये. त्या कक्षेत एका वेळी तीनपेक्षा अधिक बोटी नकोत. आणि सोबत पिलू असेल तर ३०० मीटरांच्या आत शिरावयाचेच नाही. समोरून आडवे जावयाचे नाही, मागून पाठलाग करावयाचा नाही. बाजूने, समांतर, त्याच्याच गतीने जावयाचे. आई आणि पिलू यांच्यामध्ये कधीही बोट घालावयाची नाही. टोंगात पाण्यात उतरण्याची मुभा आहे. पण परवानाधारक बोटीतून, वाटाड्यासह आणि एका वेळी चारच माणसांना.

पण नुसते मीटर मोजून भागत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या एक्समाउथ आखातात संशोधकांनी एक प्रयोग केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. विश्रांती घेत असलेल्या माय-लेकरांपासून १०० मीटर अंतरावर बोट ठेवली आणि पाण्याखालील ध्वनिवर्धकातून बोटीच्या इंजिनाचा आवाज कमी-अधिक मोठा करून ऐकविला. वरून ड्रोनने निरीक्षण केले. आवाज मोठा झाला तेव्हा आयांची विश्रांती ३० टक्क्यांनी घटली, श्वासाची गती दुप्पट झाली आणि पोहण्याचा वेग ३७ टक्क्यांनी वाढला. बोट नियमाने सांगितलेल्या अंतरावरच होती! जी आई महिनोन्महिने उपाशी राहून दूध पाजते आहे, तिची विश्रांती म्हणजे पिलाचे दूध. ती दिवसातून एकदा उधळली तर सावरेल. दहा बोटींनी दहा वेळा उधळली तर त्याची किंमत पिलू चुकविते. त्याच आखातातील आणखी एका अभ्यासात असे आढळले की, पिलू आणि आई अतिशय हळू आवाजात बोलतात, जणू कुजबुजतात. शत्रूला कळू नये म्हणून. आपले इंजिन त्या कुजबुजीवर काय परिणाम करीत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

छायाचित्रकारासाठी यातून काही साध्या गोष्टी निघतात. लांब पल्ल्याची लेन्स वापरावी. जवळ जाण्याचे काम काचेला करू द्यावे, बोटीला नव्हे. शेपटीचे उपयोगी छायाचित्र मागच्या बाजूने मिळते आणि तेही देवमासा आपणहून दूर जात असताना. म्हणजे पाठलागाने नव्हे, थांबण्याने मिळते. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जलद ठेवावा, म्हणजे हलत्या बोटीतूनही कडांचे दाते स्वच्छ येतात. छायाचित्रासोबत दिनांक, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे. त्यांच्यावाचून ते चित्र शोभेचे राहते, पुरावा होत नाही. माय-लेकरांचे ठिकाण मात्र त्याच क्षणी चारचौघांत जाहीर करू नये, अन्यथा तासाभरात तेथे जत्रा भरते. ड्रोनने चांगले संशोधन होते हे वर आलेच आहे. तरीही परवानगीवाचून आणि शिक्षणावाचून तो कोणाच्या डोक्यावर आणू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, देवमाशाकडे पाहावे, कॅमेऱ्याच्या पडद्याकडे नव्हे. तो वारंवार दिशा बदलू लागला, नेहमीपेक्षा लांब बुड्या घेऊ लागला, शेपटी आपटू लागला किंवा आई पिलाच्या आणि बोटीच्या मध्ये येऊ लागली, तर ती सूचना समजावी आणि निघावे. चित्र मिळाले असो वा नसो.

येथे आम्हाला थोडे थांबावे लागते. ‘अंतर राखा’ हे शब्द आमच्या घरांत सहज उच्चारले जाणारे नाहीत. आमच्या आजोबांच्या पिढीने अंतर राखले ते पाणवठ्यापासून, रस्त्यापासून, शाळेच्या ओट्यापासून. मग अंतर हाच आदर, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? या प्रश्नाशी आम्ही बरेच दिवस झगडलो आणि मग एक भेद स्पष्ट दिसला. त्या अंतराचा सारा भार दुबळ्यावर होता. बाजूला व्हावयाचे ते त्याने, वाट सोडावयाची ती त्याने, आणि जवळ यावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकारही त्याला नव्हता. समुद्रातील या नियमांत अंतराचा भार बलवानावर आहे. देवमासा तीस टनांचा असेल, पण वेग, पंखा आणि इंजिन आपल्याकडे आहे. म्हणून थांबावयाचे ते आपण. आणि देवमासा आपणहून जवळ आला तर नियम काय सांगतो? इंजिन न्यूट्रलमध्ये टाका, स्थिर राहा, त्याला हवे तेवढे पाहू द्या. कितीतरी वेळा हंपबॅक कुतूहलाने बोटीजवळ येतात, डोके पाण्याबाहेर काढून माणसांना न्याहाळतात. जवळ येण्याचा हक्क त्याचा, थांबण्याचे कर्तव्य आपले. एका अंतरात तिरस्कार होता. दुसऱ्यात दुसऱ्याच्या इच्छेची कदर आहे. शब्द एकच, पण तो पेलणारा खांदा बदलला की त्याचा अर्थ उलटा होतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीतही आम्हाला एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या वसतिगृहात शिकवीत होतो तेथे थंडीच्या दिवसांत काही मंडळी स्वेटर वाटावयास आली. हेतू चांगला होता. परंतु छायाचित्र नीट येईना, म्हणून सहावीतल्या एका मुलाला तेच स्वेटर तीन वेळा हातात घ्यावयास लावले. तिसऱ्या वेळी त्याला हसावयास सांगितले. तो हसलाही. त्यानंतर सबंध हिवाळ्यात ते स्वेटर त्याच्या पेटीतच राहिले. तो काही बोलला नाही आणि आम्हीही त्या दिवशी काही बोललो नाही, याची बोच आजही आहे. त्या चित्रफितीतील बोटी पाहताना आम्हाला तो मुलगा आठवला. मुलगा आणि देवमासा यांची तुलना आम्ही करीत नाही. तुलना करतो ती कॅमेरा धरणाऱ्या हातांची. समोरच्याला नको आहे हे ओळखण्यासाठी तो ओरडलाच पाहिजे, असे नसते.

आता कोणी म्हणेल, हवाई आणि टोंगाचे नियम घाटावरच्या मुलांना सांगून काय उपयोग? उपयोग असा की, हंपबॅक आपल्याही समुद्रात आहेत, आणि ते जगातील सर्वांत दुर्मिळ हंपबॅक आहेत. अरबी समुद्रातील ही मंडळी इतरांसारखी ध्रुवाकडे जात नाहीत. नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यावरील खोल, थंड, पोषक पाणी वर आणतात. त्यावर मासळी पोसते आणि मासळीवर देवमासे. जो वारा आमच्या शेतांना पाऊस देतो, तोच त्यांना अन्न देतो. म्हणून ते बारमाही येथेच राहतात. जनुकांच्या अभ्यासावरून ते इतर हंपबॅकांपासून सुमारे ७०,००० वर्षे वेगळे आहेत. १९६५ व १९६६ या दोन वर्षांत सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ त्यांतील २४२ मारले. पुढे ओमानच्या किनाऱ्यावर २००० ते २००४ या काळात काढलेल्या शेपट्यांच्या छायाचित्रांवरून तेथील संख्येचा अंदाज निघाला तो अवघा ८२! त्यांतील अनेकांच्या अंगावर मासेमारीच्या जाळ्यांचे व्रण आहेत.

त्यांतलीच एक ‘लुबान’. लुबान हा अरबी शब्द. आपल्याकडचा लोबान तो हाच. तिच्या शेपटीवरील नक्षी धुपाच्या झाडासारखी दिसते म्हणून हे नाव. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर तिच्या अंगावर उपग्रहाला संकेत देणारे छोटे यंत्र बसविण्यात आले. डिसेंबरात ती सारा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तेथून दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत गेली आणि मग परत फिरली. दोन्ही किनारे तिचेच होते, हे प्रथमच असे नोंदले गेले. त्याच वर्षी गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी हंपबॅकचे गाणेही टिपले. २०१८ मध्ये भारत सरकारने अरबी समुद्रातील हंपबॅकचा समावेश विशेष संवर्धन कार्यक्रमातील जातींत केला. शंभराच्या आत-बाहेर असलेल्या या कुळातील एक आई आपल्या बोटींमुळे उधळली, तर ती जगाच्या दृष्टीने फार मोठी घटना आहे.

आणि आपल्या बोटी कशा वागतात हे आम्ही पाहिले आहे. सहलीला आम्ही मुलांना सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर नेले होते. डॉल्फिन दाखविणाऱ्या बोटीत आम्ही सारे बसलो. पाठीवरचा पर दिसताच आमच्या बोटीने वेग घेतला. दुसऱ्या बाजूने आणखी तीन बोटी आल्या आणि मधोमध तो कळप सापडला. मुले ओरडत होती आणि आम्हीही. “अजून जवळ घ्या” असे बोटवाल्याला म्हणणारा आवाज आमचाच होता, हे येथे लिहून ठेवतो. दोष त्या बोटवाल्याचा नाही; आम्ही जे मागितले तेच त्याने विकले. आम्ही ‘थोडे लांबून दाखवा, इंजिन बंद ठेवा’ असे मागितले असते, तर तेही त्याने दिले असते.

कोकणच्या मच्छीमारांकडून तर शिकण्यासारखेच आहे. जाळ्यात संरक्षित सागरी प्राणी अडकला तर जाळे कापून त्याला सोडून द्यावे आणि त्याची भरपाई मिळावी, अशी योजना महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. सुरुवातीला ही रक्कम २५,००० रुपयांपर्यंत होती. सुटकेचा पुरावा म्हणून काय द्यावयाचे? छायाचित्र किंवा चित्रफीत. ज्या मोबाईलने एखाद्या जिवाची जत्रा होते, त्याच मोबाईलने त्याच्या सुटकेची नोंद होते. यंत्र तेच, धरणाऱ्याची नजर निराळी.

शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तो खेळतोय की त्याला हे नकोय? आम्ही तिला म्हटले, “ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही म्हणूनच लांब थांबावयाचे.” तिला ते पुरेसे वाटले नाही. “इतक्या लांबून दिसेल का पण?” तिने विचारले. तेव्हा आम्ही वर्गाला मैदानावर नेले. फक्कीने चौदा मीटरची रेषा आखली आणि तिच्यावर पंधरा मुले खांद्याला खांदा लावून, हात पसरून उभी केली. तो आमचा देवमासा. मग ती मुलगी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला गेली. आमची धावपट्टी बरोबर शंभर मीटरांची आहे. तेथून तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले. अलीकडून मुले ओरडली, “दिसतोय का?”

“दिसतोय,” ती म्हणाली, “सगळा दिसतोय.”

जवळ गेलो असतो तर एक-दोन मुलेच दिसली असती. शंभर मीटरांवरून सगळा देवमासा दिसला.